पंचांनी बोलावेपर्यंत

शनिवारी दुपारी मी शांतवन पारधेच्या घरी गेलो, तेव्हा तो अंगणात बसून कुदळीला नवा दांडा बसवत होता. मला पाहून त्यानं कुदळ बाजूला ठेवली, लेंग्याला हात पुसले, 'सलाम सर' म्हणाला आणि खुर्ची आणायला आत गेला. घरात एकच खुर्ची होती. ती भिंतीच्या सावलीत मांडून तो स्वतः समोर उकिडवा बसला.

कुणी गेलं का, असं मी विचारलं. आमच्या ख्रिस्ती मंडळीत कबर खणायची ती शांतवननंच, त्यामुळं त्याच्या हातात कुदळ दिसली की हा प्रश्न यायचाच. तो म्हणाला, अजून कुणी नाही, पण मे महिना लागलाय, म्हाताऱ्या माणसांचं काय सांगावं, अवजार तयार असलेलं बरं. बोलताना त्यानं माझ्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. मी तेव्हा एकसष्ट वर्षांचा होतो आणि एरवी मी यावर मोठ्यानं हसलो असतो. तो दांडा मात्र चांगला टिकला. पुढं आठ वर्षांनी शांतवन गेला, तेव्हा त्याच्याही कबरीला तीच कुदळ होती.

माझ्या पिशवीत मंडळीचं जुनं ठरावबुक होतं. ते बाहेर काढायचं की नाही हे काही केल्या ठरत नव्हतं.

बोरखळीची आमची मंडळी म्हणजे साठ-पासष्ट ख्रिस्ती घरं, एक दगडी चर्च आणि दारात एक लिंबाचं झाड. कारभार पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, आणि सात पंच बघायचे, आणि पंचांचा सेक्रेटरी बावीस वर्षं मी. शाळेत हेडमास्तर, चर्चमध्ये सेक्रेटरी, आणि दोन्हीकडं छडी एकच, असं लोक माझ्या माघारी म्हणत. तोंडावर म्हणत, 'उजागरे सर विसरत नाहीत.' मला दोन्ही आवडायचं, खोटं कशाला बोलू? कुणाच्या लेकराचा बाप्तिस्मा कोणत्या साली झाला, हे मला त्याच्या आईबापापेक्षा पक्कं ठाऊक असे. दर शनिवारी संध्याकाळी पुरुषांची सभाही मीच घ्यायचो. विषय ठरलेला असे, की ख्रिस्ती पुरुषानं घरात आणि मंडळीत पुढारीपण करायचं ते सेवक होऊन. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या दिवशी आम्ही पंच दरवर्षी मंडळीतल्या बारा जणांचे पाय धुवायचो. पाय मी धुवायचो, पाणी शांतवन आणायचा.

त्या वर्षी, म्हणजे दोन हजार एक साली, मंडळीला पंचाहत्तर वर्षं पुरी होत होती. ऑगस्टात महोत्सव होता आणि स्मरणिकेचं काम माझ्याकडं होतं. माझी बायको सुगंधा जाऊन दोन वर्षं झाली होती, मुलगा पुण्यात. घरात बोलायला कुणी नाही, म्हणून मी दुपारभर जुने ठराव वाचत बसायचो. स्वतःचं जुनं अक्षर बघून बरं वाटायचं. तर असंच वाचताना शुक्रवारी ते पान समोर आलं.

जुलै ब्याण्णवचा ठराव होता. 'शांतवन याकोब पारधे यांनी पुतण्याच्या लग्नातील गोंधळात संबळ वाजवल्याचे कबूल केल्यावरून त्यांस तीन महिने प्रभुभोजनापासून दूर ठेवावे. मुदत संपताच सेक्रेटरींनी विषय पंचांपुढे ठेवावा व नाव उपासनेत वाचून त्यांस परत घ्यावे.' खाली माझी सही होती. सूचना मांडणारा म्हणूनही माझंच नाव होतं.

सगळं लख्ख आठवलं. शांतवनचा थोरला भाऊ आमच्यात आलेला नव्हता. त्याच्या मुलाच्या लग्नात गोंधळ होता, आणि गोंधळ्यांमधला वाजवणारा ऐन वेळी तापानं पडला. शांतवन आमच्या भजनांना ढोलकी वाजवायचा, हात असा की ऐकत राहावं. भावाची पंचाईत बघून तो उठला आणि बसला वाजवायला. पंचांपुढं त्यानं काही लपवलं नाही. हात शिवशिवले, चुकलं, एवढंच म्हणाला. दुसऱ्या देवाच्या कार्यात भाग घेतला म्हणून मीच कलम लावलं, रविवारी वेदीपाशी उभं राहून त्याचं नाव मीच वाचलं आणि मीच त्याला सांगितलं, की पंच बोलावतील तेव्हा ये.

मी पुढची पानं उलटली. ऑक्टोबर बघितला, नोव्हेंबर बघितला, मग त्र्याण्णव, चौऱ्याण्णव. विषय कुठंच नव्हता. त्या ऑक्टोबरात शाळेची तपासणी होती, मी तिच्यात बुडालो होतो, आणि मी विसरलो होतो.

आणि मग एकेक गोष्ट उलगडायला लागली. आमच्यात महिन्याचा पहिला रविवार प्रभुभोजनाचा, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी मिळून भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा छोटा प्याला घ्यायचा. उपदेश संपला, मेजावरचं पांढरं कापड काढलं, की शांतवन उठून बाहेर जायचा आणि लिंबाखाली चपलांजवळ बसायचा. एकदा दोन-चार जोड चोरीला गेले होते, तेव्हापासून हा राखणीला बसतो अशी सगळ्यांची समजूत. माझीही तीच. शहाण्णवच्या वार्षिक अहवालात तर मी लिहिलं होतं, 'उपासनेच्या वेळी पादत्राणांची राखण करणारे आमचे बंधू शांतवन यांचे आभार.' लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या आणि तो हात जोडून उभा राहिला होता. ती ओळ मी पुन्हा काढून वाचली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, महिन्यातला पहिला. म्हणून शनिवारीच मी त्याच्या अंगणात जाऊन बसलो होतो. आता बेत सांगतो, लाज वाटते तरी सांगतो. त्याला गुपचूप भोजनाला बसवायचं, ठरावबुकात एक ओळ घालायची आणि विषय मिटवायचा. महोत्सवाच्या तोंडावर कशाला उगाच शोभा?

मी पिशवी तशीच मांडीवर ठेवून म्हणालो, "शांतवन, उद्यापासून तू भोजनाला बस. पंचांचं तसं ठरलंय."

पंचांचं काहीएक ठरलं नव्हतं. आयुष्यात इतकं सरळ खोटं मी बोललो नसेन, आणि जीभ जराही अडखळली नाही. शांतवननं खालची लाकडाची ढलपी उचलली, बोटांत फिरवली.

"नाव वाचणार ना, सर?" त्यानं विचारलं.

"नावाचं काय एवढं? तू बस म्हणजे झालं."

"काढताना वाचलं होतं. तुम्हीच वाचलं होतं." त्याच्या आवाजात राग नव्हता. "न वाचता मी ताटाला हात लावला, तर माणसं म्हणतील, शांतवन आपला आपण घुसला. मला तसं यायचं न्हाई."

आणि मी चिडलो. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्यातला प्रकार. मी ठरावबुक काढलं, ते पान त्याच्यापुढं धरलं आणि म्हणालो, की मुदत तीन महिन्यांची होती, नऊ वर्षं होत आली, मला एकदा तरी विचारायचं होतंस, तोंड नव्हतं का तुला. त्यानं पानाकडं बघितलं. वाचायला तो हळू होता. तीन महिने या शब्दांवर त्याचं बोट बराच वेळ राहिलं.

"तुम्ही म्हणाला होता, पंच बोलावतील," तो म्हणाला. "मला वाटायचं, माझं मन पालटलेलं अजून पंचांना दिसत नसंल. आणि तुम्ही तर विसरत न्हाई, सर."

 मी बुक मिटलं.  तो म्हणाला, एकदाच विचारणार होतो, मार्थाच्या वेळी.

मार्था त्याची बायको. सत्त्याण्णवच्या थंडीत ती गेली. जायच्या आदल्या दिवशी जुने पाळकसाहेब तिला घरी प्रभुभोजन द्यायला आले होते आणि ताट धरायला त्यांच्याबरोबर मी होतो. मला ती खोली आठवली, तिचा खोकला आठवला. पाळकसाहेबांनी विचारलं होतं, शांतवन कुठं आहे? मी म्हणालो होतो, असू द्या, त्याला बघवत नसेल. दोघांनी मिळून घ्यायची ती भाकर आणि तो प्याला तिनं एकटीनं घेतला.

"मी दाराबाहेर उभा होतो," शांतवन म्हणाला. "तिनं दोनदा हाक मारली. तुमच्या हातात ताट होतं. मला वाटलं, तुम्ही म्हणाल, ये."

"मग?"

"तुम्ही दार लोटून घेतलंत. वारं येत होतं."

मी तिथून कसा उठलो आठवत नाही. तो फाटकापर्यंत सोडायला आला, एवढं आठवतं.

तसाच पाळकांच्या बंगल्यावर गेलो. रेव्हरंड साळवे तेव्हा तिशीतले, नवे, मनानं चांगले. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, सर, नाव वाचू, पण तारखा कशाला? महोत्सवाला बिशपसाहेब येणार आहेत, तुमचा सत्कार ठरलाय, आणि उबाळ्यांसारख्या जुन्या पंचांना हे मुळीच रुचायचं नाही. शेवटी त्यांनी ते माझ्यावरच सोडलं. मी घरी येऊन चार ओळींचा कागद केला. 'बंधू शांतवन यांस पूर्ववत प्रभुभोजनात सहभागी करून घेण्यात येत आहे.' त्यात एकही शब्द खोटा नव्हता आणि खरं काहीही नव्हतं. असा कागद लिहिण्यात माझा हातखंडा होता.

रविवारी शांतवननं पेटीतला पांढरा सदरा घातला होता, घड्यांच्या रेघा तशाच होत्या. बसला मात्र नेहमीच्याच जागी, दाराशी, सतरंजीच्या टोकाला. उपदेश संपल्यावर पाळकांनी मला खूण केली. मी पुढं गेलो, कागद उघडला, त्याचं पूर्ण नाव वाचलं आणि वर बघितलं. शांतवननं मान खाली घातली होती. ब्याण्णव साली नाव वाचलं तेव्हाही त्यानं अशीच घातली होती, अगदी तशीच. आज नाव कशासाठी वाचतोय ते ठाऊक असूनसुद्धा त्या माणसाची मान आपोआप खाली गेली होती. मी कागदाची घडी घातली.

"या भावाची मुदत ब्याण्णवच्या ऑक्टोबरात संपली," मी म्हणालो. "त्याला परत बोलावणं माझं काम होतं. मी विसरलो. पावणेनऊ वर्षं तो चपला राखत नव्हता. त्याला बाहेर ठेवलं होतं, आणि ते मी ठेवलं होतं. मार्थाबाई गेल्या तेव्हाही."

 मग बायकांच्या बाजूनं हन्नाआजी म्हणाली, "माणूस आहे, सर. होतं असं." आणि माना हलल्या. कुणी म्हणालं, वयाप्रमाणं होतंच. कुणी म्हणालं, सरांनी मंडळीसाठी किती केलंय. अर्ध्या मिनिटात माझी सुटका झाली. शांतवनला पावणेनऊ वर्षं लागली होती आणि मला अर्धं मिनिट. मला त्या माणसांचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा, कारण ऐकून मला बरं वाटलं होतं.

मी सांगितलं, की त्याला जी मुदत दिली तीच मला द्या. तीन महिने मी भोजनाला बसणार नाही आणि सेक्रेटरीचं काम आजपासून दुसऱ्या कुणी बघावं. पाळक नको नको अशी खूण करत होते. दानिएल उबाळे, सर्वांत जुने पंच, 'महोत्सवाच्या वर्षी हे कशाला' असं पुटपुटले. मी थांबलो नाही. शांतवन उठून पुढं येत होता आणि मी दाराकडं निघालो होतो. मध्येच आम्ही समोरासमोर आलो. सवयीनं तो मला वाट द्यायला बाजूला झाला. मी त्याच्याहून जास्त बाजूला झालो. दोघंही क्षणभर तसेच उभे राहिलो, मग तो पुढं गेला आणि मी बाहेर.

लिंबाखाली बसलं की आतलं काही दिसत नाही. फक्त ऐकू येतं. भजन ऐकू येतं, मग शांतता होते आणि तिच्यात छोट्या प्याल्यांचा ताटावर आवाज होतो. त्यातला कोणता प्याला शांतवनचा, हे मला कळायला मार्ग नव्हता. पावणेनऊ वर्षं त्यानं इथं बसून हेच ऐकलं होतं.

जूनमध्ये पहिल्या रविवारी चार-पाच जण आग्रह करायला बाहेर आले. चला सर, पुरे झालं, म्हणाले. जुलैत कुणी आलं नाही. उलट उबाळ्यांची सून आत जाता जाता थांबली आणि मला म्हणाली, "सर, आज नवी चप्पल आहे, जरा लक्ष असू द्या हं." बिचारीच्या मनात काही नव्हतं. दोन महिन्यांत मी तिथलाच झालो होतो.

घरीही कुणी येईनासं झालं. आधी दिवसातून तीन जण यायचे, दाखला पाहिजे, लग्नाची तारीख पाहिजे, भावाभावांचं भांडण मिटवायचंय. मला वाटायचं, ही माणसं माझी आहेत. ती सेक्रेटरीकडं येत होती. आता ती नव्या सेक्रेटरीकडं, उबाळ्यांच्या विलासकडं, जायला लागली, आणि ते बरोबरच होतं. शनिवारच्या सभेला मी गेलो नाही, तर गेलो नाही हेसुद्धा कुणी विचारलं नाही. एकटा स्वयंपाक करायचो, एकटा जेवायचो. जेवताना सुगंधाच्या फोटोशी बोलायचो. एकदा तिला विचारलं, माझ्या हातून तुझंही असं काही राहिलंय का? राहिलं असणारच, आता कोण सांगणार?

ऑगस्टचा पहिला रविवार आला. माझे तीन महिने संपले होते. महोत्सव पुढच्याच रविवारी. मांडव उभा राहिला होता, विलासच्या कानाचा फोन सुटत नव्हता, पाळक पाहुण्यांच्या याद्यांत बुडाले होते. मी आत जाऊन बसलो. मनात एकच होतं, आज आपलं नाव वाचतील का? पाळकांना नुसती आठवण केली असती, तरी काम झालं असतं. पण ते जिभेवर येईना. स्वतःच स्वतःसाठी कसं म्हणायचं, की आता मला घ्या? शांतवनला मी ज्या तोऱ्यात विचारलं होतं, तोंड नव्हतं का तुला, तो तोरा मला आठवला.

सूचना झाल्या. मांडवाच्या, जेवणाच्या, पाहुण्यांच्या. माझं नाव आलं नाही. उपदेश संपला, मेजावरचं कापड निघालं, आणि मी उठून बाहेर गेलो. लिंबाखाली चिखल होता, म्हणून पायरीवर टेकलो, चपलांच्या शेजारी. डोळ्यांत पाणी आलं. ते पश्चात्तापाचं होतं असं म्हणायला आवडलं असतं, पण ते नव्हतं. मला माझीच कीव आली होती. मनात आलं, झालं, आता हे असंच चालायचं.

मागं दार करकरलं. शांतवन बाहेर आला होता.

"उठा सर," तो म्हणाला. "तीन झाले."

 तो म्हणाला, काल संध्याकाळी पाळकांकडं जाऊन सांगून आलोय, कापड काढल्यावर नाव वाचणार आहेत, तुम्ही आधीच बाहेर आलात. विलासच्या ध्यानात राहिलं नव्हतं, पोरगं कामात आहे, त्याला काही बोलू नका.

"तू मोजलेस?" मी विचारलं.

"सवय हाय," शांतवन म्हणाला. "माझे एकशे पाच झाले होते."

आतून पाळकांचा आवाज आला. प्रभाकर दाऊद उजागरे, असं माझं पूर्ण नाव बापाच्या नावासकट ते वाचत होते, आणि माझी मान खाली गेली. उठायला गेलो तर पायांना मुंग्या आल्या होत्या. शांतवननं हात पुढं केला. कुदळीनं घट्टे पडलेला तो हात धरून मी उठलो.

सतरंजीच्या टोकाला, त्याच्या जागेशेजारी, एक रुमाल पसरून ठेवलेला होता. त्यानं तो उचलून खिशात घातला आणि मला बसायला सांगितलं. ताट आलं. त्यानं ते आधी माझ्यापुढं धरलं, मग स्वतः घेतलं. दार उघडंच राहिलं होतं आणि बाहेर चपलांजवळ कुणीच नव्हतं.